तसूभर डावीकडे

त्या दिवशी सकाळी धुकं असं काही बसलं होतं, की समोरच्या न्हाव्याच्या दुकानाची पाटी वाचता येत नव्हती. वाचायची गरज कुणाला नव्हती म्हणा. तिच्यावरची निम्मी अक्षरं खाऱ्या वाऱ्यानं कधीच खाल्ली होती. पाण्यावरून ओला वारा येत होता, गल्लीतल्या फरशा घामाघूम झाल्या होत्या आणि कडीकाकांच्या दुकानाचं दार नेहमीसारखं फुगून बसलं होतं. काकांनी त्याला खांदा लावला, एक शिवी हासडली, परत खांदा लावला. दार खांद्याला उघडतं की शिवीला, हे त्यांना आजवर कळलेलं नाही. म्हणून ते दोन्ही वापरतात.

दुकान कसलं, जिन्याखालची खोली. रुंदीला म्हणाल तर हात पसरले की दोन्ही भिंती लागाव्यात, पण लांबी पार मागच्या मोरीपर्यंत. काकांच्या धंद्याला लांबीच लागते. बंदराच्या धक्क्यावर हौसेनं गळ टाकून बसणाऱ्यांच्या काठ्या इथं दुरुस्तीला येतात. काठीच्या बुंध्याशी रीळ असतं; रिळातून निघालेला नायलॉनचा तंगूस काठीच्या अंगावरच्या गोल कड्यांमधून ओवत ओवत टोकाला जातो. या कड्या गंजतात, तडकतात, झिजून त्यांना खाचा पडतात, आणि एकदा खाच पडली की ती तंगुसाला कापत सुटते. त्या जुन्या कड्या काढायच्या आणि नव्या बसवायच्या, हे काकांचं आयुष्यभराचं काम. म्हणून ते कडीकाका. त्यांच्या बायकोचं नाव मग ओघानंच कडीकाकू पडलं.

सकाळचं पहिलं काम म्हणजे मीठ पुसणं. भिंतीला उभ्या टेकवलेल्या काठ्या एकेक करून घ्यायच्या, गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसायच्या, मग कोरड्या फडक्यानं. मग कापसाचा बोळा घेऊन कडीच्या आतून फिरवायचा. कापसाची तार कुठं अडकली, की समजायचं इथं चीर आहे. डोळ्याला न दिसणारी चीर कापसाला सापडते. काका हे काम करताना गुणगुणत. अलीकडे गुणगुणत नसत, पण हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

खोलीच्या मधोमध लाकडाचे दोन घोडे होते, वर खोबण पाडलेले. त्या खोबणींवर काठी आडवी पडायची. घोड्यांच्या अलीकडे एक स्टूल, पलीकडे एक स्टूल. अलीकडचं काकांचं. पलीकडच्या स्टुलावर एक जाडजूड, पिवळी पडलेली टेलिफोन डिरेक्टरी होती आणि तिच्या डोक्यावर जुनी कोळशाची इस्त्री. दोऱ्याचं रीळ पलीकडं एका कपात ठेवायचं, दोरा डिरेक्टरीच्या पानांमधून काढायचा आणि इस्त्रीच्या वजनानं तो ताणात राहिला, की तो कडीच्या पायांवर गुंडाळत जायचं. कडीला दोन पाय असतात, चपटे, काठीवर टेकलेले. दोरा त्या पायांवर वेढ्याला वेढा भिडवून, मधे केसभर फट न ठेवता चढला पाहिजे. ताण कमी पडला तर कडी डुगडुगते. जास्त झाला तर काठीच्या अंगाला वळ उठतात.

त्या स्टुलावर पूर्वी डिरेक्टरी नव्हती, काकू असायच्या. काका काठी फिरवायचे आणि काकू अंगठा नि बोटाच्या चिमटीत दोरा धरायच्या. तो ताण मोजून मापून देता यायचा नाही. तो त्यांच्या चिमटीत होता. डिरेक्टरीचा एक फायदा होता, की ती दोरा धरताना बोलत नसे. तोटाही तोच.

आणि दोरा धरणं हे तर काकूंचं निम्मंच काम होतं. खरं काम नजरेचं.

कड्या काठीवर एका ओळीत यायला हव्यात. दोरा गुंडाळण्याआधी त्या चिकटपट्टीनं तात्पुरत्या बसवायच्या आणि मग काठी घेऊन दारात यायचं. काकू काठीचा बुंधा गालाशी धरून उंबऱ्यात उभ्या राहायच्या, काका टोक धरून गल्लीत, पार न्हाव्याच्या पायरीपर्यंत. काकू एक डोळा मिटायच्या आणि थोरल्या कडीतून बघायच्या. थोरलीत धाकटी, धाकटीत तिची धाकटी, डबीत डबी बसावी तशा सगळ्या कड्या एकीत एक दिसायला हव्यात. मग तिथून हुकूम सुटायचे.

"तिसरी. तसूभर डावीकडे. तुमच्या डावीकडे हो, माझ्या नाही! अजून. केसभर मागं. बास."

येणारे जाणारे काठीखालून वाकून जायचे. सायकलवाले उतरायचे. कुणी कुरकुर केली नाही. गल्लीला त्याची सवय होती.

काकूंनी 'बास' म्हणायच्या आधीच काकांना कळायचं, ही गोष्ट मात्र त्यांनी बायकोला कधी सांगितली नव्हती. कारण टोकाकडच्या बारीक कडीला डोळा लावून ते उलटे बघत असायचे. कड्या वाकड्या असल्या तर पलीकडं कधी भुवई दिसायची, कधी गालावरचा तीळ, कधी नुसती कानामागची बट. सगळ्या कड्या ओळीत आल्या, की मगच त्या एवढ्याशा भोकातून तिचा डोळा दिसायचा. तपकिरी, एकटाच, लांबवर, आणि थेट आपल्याकडं बघणारा. दिवसातून एकदोनदा, कामाच्या निमित्तानं, बायको आपल्याकडं एवढं टक लावून बघते, हे सुख सांगायचं तरी कुणाला?

काकांची स्वतःची नजर जन्मापासून जरा एका अंगाला ओढ घेणारी. लग्नानंतर त्यांनी घरात पहिली फळी ठोकली, तेव्हा नव्या नवरीनं काही न बोलता तिच्यावर एक वाटाणा ठेवला. वाटाणा घरंगळत उजवीकडं गेला आणि टुपकन खाली पडला. "फळी छान आहे," ती म्हणाली, "फक्त हिच्यावर गोल वस्तू नको ठेवायला." त्या दिवसापासून सरळ-वाकड्याचं खातं तिच्याकडं.

मग लेकीला लेक झाली. लेक राहते लांबच्या शहरात; जावई दिवसभर कामाला, तीही कामाला. काकू निघाल्या. "बाळ बसायला लागलं की येते," म्हणाल्या. काका स्टँडवर पोचवायला गेले. गाडी सुटता सुटता काकूंनी खिडकीतून विचारलं, "तुमचं होईल ना हो सगळं?"

तिला घोर नको म्हणून काका छाती काढून म्हणाले, "जा निवांत. माझं इथं काही अडत नाही."

"बरं," काकू म्हणाल्या.

काकूंचं 'बरं' हे काही साधं प्रकरण नव्हतं. भाजी बरी झाली तरी बरं, आणि भांडण पुढल्या आठवड्यावर ढकललं तरी बरं. हे कुठलं होतं, हे काकांना गाडी नजरेआड झाल्यावर कळलं. पण तोवर शब्द गेला होता, आणि गाडीही.

बाळ बसायला लागलं. रांगायला लागलं. चालून पडून परत चालायला लागलं. दर रविवारी फोन व्हायचा. "कसं चाललंय?" "झकास. काही अडत नाही." "बरं." ती वाट बघत होती त्यानं 'ये' म्हणायची, तो वाट बघत होता तिनं 'येते' म्हणायची. दोघंही एकेका टोकाला उभे, आणि मधली काठी कुणी उचलत नव्हतं.

तर त्या धुक्याच्या सकाळी फडकं पिळत असताना दारात ड्रायव्हर येऊन उभा राहिला. हा शहराच्या बसवर होता; पहाटे गळ टाकायचा आणि तिथूनच ड्युटीवर जायचा, त्यामुळं त्याच्या बसला कायम आमिषाचा वास यायचा म्हणतात.

"काका, काठी बघा हो जरा. आज हातातला गेला."

"काय गेला?"

"मासा! हा एवढा." त्यानं हात पसरले ते दोन्ही भिंतींना जाऊन लागले. "भिंती नसत्या तर अजून मोठा होता."

"सुटलेल्या माशाला वाढायला वेळ लागत नाही," काका म्हणाले. "तंगूस तुटला?"

"सपकन. सुरीनं कापावा तसा."

काकांनी काठी घेतली. कड्या त्यांनीच बसवलेल्या, काकू गेल्यावरच्या. एवढ्यात जायला नको होत्या. त्यांनी कापूस फिरवला. पहिल्याच कडीत तो अडकला. दुसरीत अडकला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कडी डोळ्याजवळ नेली. नखाचं टोक बसेल अशी खाच पडली होती.

"तंगूस कुठला वापरतोस? तो विणीचा असेल. करवत असते ती."

"नाही हो, साधाच. पूर्वीचाच."

"मग काठी वाळूत आपटत असशील."

"धक्क्यावर वाळू कुठली, काका?"

"मग कड्याच हलक्या निघाल्या. हल्लीचा माल..."

"असेल असेल. मालच तसला," ड्रायव्हर घाईघाईनं म्हणाला आणि छताकडं बघायला लागला. छताला बघण्यासारखं काही नव्हतं. मग "येतो, गाडी काढायचीय" म्हणून सटकला.

गिऱ्हाईक इतक्या चटकन कबूल झालं, की समजावं त्यानं काहीतरी पोटात ठेवलंय. काकांनी काठी घोड्यांवर टाकली आणि कडीमागून कडी बघत टोकापर्यंत गेले. प्रत्येक कडीला खाच. आणि प्रत्येक खाच उजव्या अंगाला. तंगुसाचा भार बरोबर मधे पडायला हवा. इथं तो बाजूला ओढला जात होता.

भिंतीशी टेकवलेल्या काठ्या त्यांनी परत काढल्या. मघाशी मीठ पुसताना त्यांनी त्या मीठ बघण्यापुरत्याच बघितल्या होत्या. आता एक जुनी घेतली, काकूंच्या वेळची. कडी झिजलेली, पण मधोमध, सगळीकडं सारखी. दुसरी घेतली, काकू गेल्यानंतरची. उजवीकडं. तिसरी, उजवीकडं. बुंध्यापासून टोकाकडं जाताना कड्या जराजरा ढळत गेलेल्या, खांबाला वेल चढावा तशा. इतकं थोडं, की दुकानात उभ्या काठीवर दिसू नये. पण इतकं, की पाण्यातल्या माशाला कळावं.

काका स्टुलावर बसले. मग उठले, दार ओढून घेतलं आणि धक्क्याकडं चालू लागले.

दुपारपर्यंत धुकं फाटलं होतं. धक्क्याच्या कठड्याशी नेहमीची मंडळी ओळीनं उभी होती, पाण्याकडं तोंड करून. न्हावीही होता, तो दुपारी दुकान बंद करून इथं यायचा. काका त्यांच्या पाठीमागं, जरा लांब उभे राहिले. गेल्या कितीतरी महिन्यांत ते इकडं फिरकले नव्हते. येऊन करायचं काय? पूर्वी संध्याकाळी दोघं यायची.

आणि मग त्यांना दिसलं.

सगळ्यांची उजवी मनगटं वळलेली होती. किल्ली कुलपात घालून अर्धवट फिरवावी, तशी. पहिल्याचं, त्याच्या शेजारच्या बाईचं, म्हाताऱ्याचं, न्हाव्याचं. सगळी ओळच्या ओळ काठी किंचित पिळून धरून उभी होती. कड्या उजवीकडं ढळल्या, तर काठीच डावीकडं वळवायची. त्यांच्या हाती आलेल्या काठीच्या वाकडेपणाला ती माणसं आपापल्या मनगटानं सावरून घेत होती.

न्हावी मागं वळला आणि त्यानं मित्राचं तोंड बघितलं. दोघं शाळेपासूनचे; न्हावी त्यांना नुसतं 'कड्या' म्हणायचा.

"कळलं वाटतं," तो म्हणाला.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या काठीपासून."

"आणि तोंड शिवलं होतं का रे तुझं?"

"आता काय सांगू, कड्या. मी कुणाचा कल्ला तिरका कापला, तर तो आरशात बघून तिथंच बोंब मारतो. तुझ्या कामाचा आरसा म्हणजे मासा. तो कुठं बोलतोय?" न्हाव्यानं रीळ गुंडाळायला घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सगळ्यांनी ठरवलं होतं. वहिनी येईपर्यंत चालवून घ्यायचं. तुला बोलायचं नाही. मग वहिनी काही येईनात, आणि आमची मनगटं वळली ती वळलीच. परवा बायको म्हणाली, वरणही तिरकं वाढायला लागलात."

ओळीतलं कुणीतरी फसकन हसलं. पण एकानंही मागं वळून बघितलं नाही. काकांना तेच जास्त लागलं. सगळं बंदर तिची वाट बघत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, आणि ते स्वतः मात्र दर रविवारी काही अडत नाही म्हणून सांगत होते.

दुकानात परत येऊन त्यांनी ड्रायव्हरच्या काठीवरचे जुने वेढे पात्यानं सोडवले. कड्या काढल्या, अंग घासून साफ केलं, नव्या कड्यांचे पाय कानशीनं पातळ केले, चिकटपट्टीनं बसवल्या. न्हावी मागोमाग आलाच होता. म्हणाला, "आण, मी बघतो. मी काय कमी सरळ कापतो?"

काका टोक धरून गल्लीत गेले. न्हावी बुंधा गालाशी लावून उंबऱ्यात.

"काय दिसतंय?"

"तू दिसतोयस."

"कड्या बघ, मला काय बघतोस! एक डोळा मीट."

न्हाव्यानं डोळा मिटला. "आता काहीच दिसत नाही."

"कुठला मिटलास?"

"उजवा."

"आणि कडी कुठल्या डोळ्याला लावलीस?"

न्हाव्यानं मिटलेला डोळा उघडला. "उजव्याच."

काकांनी टोकाच्या कडीला डोळा लावून बघितलं. पलीकडं न्हाव्याची अर्धी मिशी होती. ते काठी खाली करून न्हाव्याच्या पायरीवर बसले. त्यांचा चेहरा बघून न्हावी जवळ आला. त्यानं खिशातून मोबाइल काढून पुढं धरला.

"लाव."

"आज रविवार नाही."

"आज काही सुतक आहे का? लाव म्हणतो ना."

फोन लेकीच्या घरी वाजला. पडद्यावर आधी एक मोठं नाक आलं, मग चार दातांचं हसू, मग छत, मग गरगर. "सोड ग तो फोन, सोड," असं करत काकू आल्या. केस आवरलेले नव्हते, खांद्यावर लाळेरं. त्यांनी पडद्यात बघितलं.

"अहो? काय झालं? आज कसा?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून कुणी अवेळी फोन करतं का? बरं आहे ना?"

काकांनी न्हाव्याकडं बघितलं. न्हावी गल्लीतल्या मांजराला निरखत होता.

"कड्या वाकड्या बसतायत," काका म्हणाले.

तिकडं नातीनं काहीतरी आपटलं. काकूंनी तिकडं बघितलं नाही.

"कधीपासून?"

"तू गेल्यापासून."

काकूंनी लाळेरं खांद्यावरून काढलं, घडी केली, परत उलगडलं.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या. धक्क्यावर जाऊन बघून आलो. माणसं मनगटं वळवून उभी आहेत. कुणी बोललं नाही मला."

"अगं बाई." मग खूप हळू, "अगं बाई." आणि मग काकू एकदम सरळ बसल्या, दोरा हातात घेताना बसायच्या तशा. "आत्ता काठी आहे का समोर? धरा फोन तिकडं. बघू."

डिरेक्टरी स्टुलावरून निघाली. उंबऱ्यात खोकं, खोक्यावर डिरेक्टरी, डिरेक्टरीला टेकून फोन, आणि फोनच्या डोळ्यासमोर न्हाव्यानं धरलेला काठीचा बुंधा, अशी सगळी मांडामांड झाली. काका टोकाशी. गल्लीत दोनचार माणसं काठीखालून वाकून जायची ती थांबलीच.

"दिसतंय का?" काका ओरडले.

"ओरडू नका, फोन आहे तो! दिसतंय. दुसरी कडी. डावीकडे घ्या. तुमच्या डावीकडे."

काका धावत आले, कडी हलवली, परत टोकाशी.

"अजून."

परत धावत आले.

"अजून डावीकडे. अहो, हलवताय का नुसतेच पळताय?"

"हलवतोय की!"

"मला तर जागची हललेली दिसत नाही. अजून घ्या."

काकांनी अजून घेतली. बायको सांगतेय म्हटल्यावर ते घेतच राहिले. शेवटी न्हावी म्हणाला, "वहिनी, कडी काठीला वळसा घालून पलीकडं गेली हो. चित्र अडकलंय तुमचं."

तेवढ्यात चित्र सुटलं असावं. तिकडून एक किंकाळी आली आणि मग काकू हसायला लागल्या. "अरे देवा, हे काय करून ठेवलंत! मी म्हटलं म्हणून काय पार पोटाखाली?" त्या पदरानं डोळे पुसत हसत होत्या, त्यांचं बघून नातही हसायला लागली. गल्लीतले हसले, न्हावी हसला. काका हातात टोक धरून उभे होते. हे हसू त्यांनी फोनवर कधी ऐकलं नव्हतं. रविवारच्या 'बरं'मधे ते कधी आलंच नव्हतं.

मग काम लागलं मार्गी. रखडत, थांबत, चित्र अडकलं की थांबून. थोरल्या कड्या ओळीत आल्या. टोकाकडच्या बारीक कड्या मात्र फोनला काही केल्या नीट दिसेनात. जवळचं दिसायला लागलं की लांबचं पुसायचं. काकूंनी अंदाजानं सांगितलं, काकांनी अंदाजानं केलं. शेवटी काकू म्हणाल्या, "मला वाटतं, बास."

काकांनी सवयीनं टोकाच्या कडीला डोळा लावला. थोरलीत धाकटी, सगळ्या एकीत एक, आणि पार पलीकडं फोनचा काळा वाटोळा ठिपका. तो त्यांच्याकडं बघत होता. पण त्याला पापणी नव्हती. काका बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"अहो, कुठं गेलात?"

"इथंच आहे." त्यांनी येऊन फोन उचलला. न्हावी आपणहून आपल्या दुकानात गेला आणि उगीचच वस्तरा परजायला लागला.

"झालं की मग," काकू म्हणाल्या. "लांबून पण जमतंय."

काकांना हीच भीती होती. जमलं, तर मग तिनं यायचं कशाला?

"बारीक कड्या नाही दिसल्या," ते म्हणाले.

"नाही दिसल्या."

"आणि दोरा?"

"दोऱ्याला डिरेक्टरी आहे ना. छान ताण धरते म्हणालात."

"धरते. पण बोलत नाही."

"मी बोलायची ते तुम्हाला कुठं आवडायचं? कामात तोंड नको, म्हणायचात."

काकांनी डिरेक्टरीवरची धूळ तळहातानं पुसली. तिकडं नात 'आजी आजी' करत काकूंच्या गुडघ्याशी आली होती, आणि काकूंचा एक हात तिच्या केसांत होता. त्या हाताची चिमटी काकांना दिसत होती.

"एक म्हणा," काकू म्हणाल्या.

"काय?"

"स्टँडवर म्हणाला होतात ना, त्याच्या उलटं."

गल्लीत अजून दोघंतिघं घुटमळत होती. समोरच्या दुकानात वस्तऱ्याचा आवाज थांबला. काकांचे कान लाल झाले. आयुष्यात त्यांनी हजारो वेढे सोडवले होते, पण हा एक वेढा त्यांनीच घातला होता आणि फार घट्ट.

"अडतंय," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"अडतंय गं! सगळंच अडतंय."

काकूंनी मान फिरवली. पडद्यात जरा वेळ नुसता त्यांचा कान आणि कानामागची बट दिसत होती. मग त्या वळल्या.

"बघते," त्या म्हणाल्या. "हिला पाळणाघराची सवय लागते आहे अजून. रडते. लेकीशी बोलते. बघते मी."

"बघ," काका म्हणाले. आणि घाईघाईनं जोडलं, "तिला रडवू नकोस पण."

"दोरा तांबडाच घ्या त्या काठीला. आणि वेढे चढवताना श्वास सोडत जा, अडवून धरता तुम्ही. म्हणून मधेच फट पडते."

फोन बंद झाला. 'बघते' म्हणजे येते नव्हे, हे काकांना कळत होतं. पण ते 'बरं'ही नव्हतं.

त्यांनी डिरेक्टरी परत स्टुलावर ठेवली, इस्त्री वर ठेवली, तांबड्या दोऱ्याचं रीळ कपात टाकलं. काठी घोड्यांवर घेतली आणि श्वास सोडत सोडत, वेढ्याला वेढा भिडवत, कडीमागून कडी बांधून काढली. फट पडली नाही. संध्याकाळ व्हायच्या आत वार्निशची बाटली उघडली आणि बारीक कुंचल्यानं प्रत्येक वेढ्यावर वार्निश दिलं.

वार्निश दिल्यावर काठी तशी सोडून देता येत नाही. एका बाजूला थेंब ओघळतो. म्हणून वार्निश वाळून धरेपर्यंत माणसानं शेजारी बसून काठी हळूहळू फिरवत राहायचं. आणि अशा ओल्या हवेत वार्निश धरायला फार वेळ घेतं. पाण्यावरून पुन्हा धुकं उठत होतं. न्हाव्याच्या पाटीवरची उरलेली अक्षरं एकेक करून दिसेनाशी होत होती.

"कड्या, चहा?" न्हाव्यानं आतून हाक मारली.

"इथंच आण," काका म्हणाले. "उठता येत नाही आत्ता."

आणि त्यांनी काठी पाव वळसा फिरवली. थांबले. परत पाव वळसा.